आधी रसद, मग निशाण: संगणकाच्या मेमरीतल्या क्रमाचा इतिहास



आजचा विषय नावाने जड आहे: ॲटॉमिक ऑपरेशन्स आणि मेमरी ऑर्डरिंग. या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, तह आणि मोहिमा यांवर बोलतो. तेव्हा हा फौजी माणूस आज संगणकाच्या पोटात कुठे शिरला, असं काहींना वाटेल. कारण साधं आहे. हाही निरोपांचा आणि रसदीचाच इतिहास आहे. कोणी कोणाला काय कळवलं, ते कोणत्या क्रमाने पोचलं, आणि क्रम चुकला तेव्हा त्याची किंमत कोणी मोजली.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. ॲटॉमिक म्हटलं की आपल्याला पोखरण आठवतं. इथे त्याचा अर्थ मूळचा ग्रीक आहे: ज्याचे तुकडे पडत नाहीत ते. आपल्या कणादांचा परमाणू जसा. संगणकात याची गरज का पडते? एक चेकपोस्ट घ्या. दोन दरवाजे, दोन जवान, मध्ये एकच नोंदवही. गाडी आत आली की वहीतला आकडा बघायचा, त्यात एक मिळवायचा, नवा आकडा लिहायचा. दोन्ही दरवाज्यांतून एकाच वेळी गाडी आली. दोघांनी ४१ वाचलं, दोघांनी मनात ४२ केलं, दोघांनी ४२ लिहिलं. गाड्या आल्या दोन, वहीत वाढली एक. दोन्ही जवानांनी हुकूम तंतोतंत पाळला होता. दोष एवढाच, की बघणं, मिळवणं आणि लिहिणं या तीन कामांच्या फटीत दुसरा माणूस शिरू शकत होता. ती फट बुजवली की काम ॲटॉमिक झालं.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला गेला तो हॉलंडमध्ये, ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये, १९५९च्या सुमारास. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी सहकाऱ्यांपुढे कोडं टाकलं: दोन प्रोग्राम एकच मेमरी वापरतात, कोणतंही खास यंत्र न देता, नुसतं वाचणं आणि लिहिणं एवढ्यावर, दोघे एकाच वेळी धोक्याच्या भागात शिरणार नाहीत अशी व्यवस्था करून दाखवा. टी. जे. डेकर या गणितज्ञाने ते सोडवलं. युक्ती अशी: प्रत्येकाने आधी आपलं निशाण वर करायचं, मग समोरच्याचं निशाण बघायचं. समोरचंही वर असेल तर पाळी कोणाची, हे तिसरी खूण सांगते. दोघांपैकी ज्याने नंतर निशाण उभारलं, त्याला पहिल्याचं निशाण दिसणारच, या एका गोष्टीवर सगळी इमारत उभी आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तीच ढासळणार आहे.

१९६५ मध्ये डायक्स्ट्रांनी हाच उपाय कितीही प्रोग्रामांना लागू होईल असा करून एका छोट्या लेखात छापला. त्याच सुमारास त्यांनी ‘सेमाफोर’ नावाचं साधन मांडलं. शब्द उचलला रेल्वेच्या हात-सिग्नलवरून. आपल्याकडच्या जुन्या एकेरी मार्गांवर प्रवास केलेल्यांना याहूनही चांगला दाखला माहीत असेल: टोकन. वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली पिशवी, त्यात लोखंडी गोळा, आणि धावत्या इंजिनातून ते कडं हातात झेलणारा माणूस. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यावर जायचं तर तो गोळा जवळ हवा. दोन्ही टोकांची यंत्रं विजेने अशी जखडलेली, की एक गोळा बाहेर असताना दुसरा निघतच नाही. स्टेशनमास्तर कितीही घाईत असो. कायदा माणसाच्या स्मरणावर न सोडता यंत्रात बसवलेला.

संगणक बनवणाऱ्यांनी तेच केलं. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० जाहीर केली, तिच्यात ‘टेस्ट अँड सेट’ ही सूचना होती: खूण बघ आणि लाव, मध्ये कोणाला शिरू देऊ नकोस. पुढच्या सिस्टिम/३७० मध्ये ‘कंपेअर अँड स्वॅप’ आली. तिची भाषा मला फार आवडते. मी शेवटचं बघितलं तेव्हा इथे ४१ होतं. अजून ४१ असेल तरच ४२ कर, नाहीतर हात लावू नकोस आणि मला कळव. १९९१ मध्ये मॉरिस हर्लिही यांनी सिद्ध केलं, की नुसत्या वाचण्या-लिहिण्याने, एकमेकांची वाट न बघता, दोघांचंही एकमत घडवता येत नाही, ‘टेस्ट अँड सेट’ने दोघांपुरतं घडवता येतं, ‘कंपेअर अँड स्वॅप’ने कितीही जणांचं. हत्यारांची प्रतवारीच लावून दिली म्हणा ना.

आता जिथे हे हत्यार हाताशी असायला हवं होतं आणि वापरलं गेलं नाही, तिथे चला.

अमेरिकेतलं टेक्सास राज्य, टायलर गाव, ईस्ट टेक्सास कॅन्सर सेंटर. तारीख २१ मार्च १९८६. किरणोपचाराचं यंत्र होतं थेरॅक-२५, कॅनडाच्या एईसीएल या सरकारी कंपनीने बनवलेलं. यंत्र दोन प्रकारे चाले. एकात इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत सरळ रुग्णावर. दुसऱ्यात कित्येक पट जोरदार झोत, पण मध्ये धातूचा अडसर, ज्यातून क्ष-किरण निघतात. जोरदार झोत आणि मध्ये अडसर नाही, हा मेळ कधीही होता कामा नये. आधीच्या थेरॅक-२० मध्ये तो रोखायला स्वतंत्र यांत्रिक कड्या होत्या. थेरॅक-२५ मध्ये त्या काढून सगळी भिस्त प्रोग्रामवर ठेवली. प्रोग्राम पीडीपी-११ या संगणकाच्या असेंब्ली भाषेत, मुख्यतः एकाच माणसाने लिहिलेला.

त्या दिवशी चालक बाईंनी ‘ई’ऐवजी सवयीने ‘एक्स’ दाबला. चूक लगेच लक्षात आली. कर्सर वर नेला, अक्षर सुधारलं, खाली आल्या, झोत सुरू केला. त्या रोजच्या सरावाच्या होत्या, बोटं झपाझप चालत. आतमध्ये चुंबकं जागेवर बसायला सुमारे ८ सेकंद लागत. त्या ८ सेकंदांत केलेली दुरुस्ती प्रोग्रामच्या एका भागाला दिसली, दुसऱ्याला दिसली नाही. दोघांमध्ये सामाईक मेमरीतल्या काही खुणा, एवढाच काय तो दुवा. अडसर बाजूला झाला, झोत मात्र क्ष-किरणांच्या जोराचा राहिला. पडद्यावर आलं, ‘मालफंक्शन ५४’. हे यंत्र दिवसभर असे आकडे दाखवत असे आणि माहितीपुस्तिकेत त्याचा धड अर्थ नव्हता, म्हणून बाईंनी ‘पुढे चला’ची कळ दाबली. दुसरा झटका बसला. खोलीतला कॅमेरा त्या दिवशी जोडलेला नव्हता, बोलण्याची यंत्रणा बिघडलेली होती. रुग्णाला मिळायला हवे होते १८० रॅड. नंतरच्या अंदाजानुसार, एका सेंटिमीटरच्या जागेवर मिळाले १६,५०० ते २५,०००. पाच महिन्यांनी तो गेला.

तीन आठवड्यांनी, ११ एप्रिलला, त्याच यंत्रावर, त्याच बाईंच्या हातून तेच घडलं. हाही रुग्ण महिन्याभरात गेला. मग त्या बाई आणि रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ यांनी बसून, पुन्हा पुन्हा टंकून, तोच बिघाड हुकमी घडवून दाखवला. कंपनीला तोवर तो सापडला नव्हता, कारण तपासणारे सावकाश टंकत होते. मला या सगळ्या कहाणीतली सर्वात मोठी माणसं वाटतात ती हे दोघे.

जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात थेरॅक-२५चे असे सहा अपघात झाले. १९९३ मध्ये नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी त्यांची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्यांच्या निष्कर्षांत एक वाक्य असं आहे, की सामाईक खुणा ‘तपासणं’ आणि ‘लावणं’ या क्रिया अविभाज्य नव्हत्या. सिस्टिम/३६० ला येऊन तेव्हा वीस वर्षं उलटली होती. अर्थात दोष एका सूचनेच्या अभावाचा नाही. यांत्रिक कड्या काढल्या, रुग्णांच्या तक्रारी मानल्या नाहीत, प्रोग्राम दुसऱ्या कोणी नीट वाचला नाही, हे सगळं त्यात आहे. पण धोका जिथून आत शिरला ती फट मात्र चेकपोस्टच्या वहीतलीच होती.

थेरॅकमध्ये प्रोसेसर एकच होता. तिथे कामं एकमेकांच्या मध्ये घुसत होती, पण मेमरी तरी सर्वांना एकच दिसत होती. प्रोसेसर अनेक झाले तेव्हा ती खात्रीही गेली. इथून खरी मेमरी ऑर्डरिंगची गोष्ट सुरू होते.

प्रोसेसर वेगाने सुधारले, मेमरी त्या मानाने मागे राहिली. लिहिलेली प्रत्येक गोष्ट मेमरीत पोचेपर्यंत थांबायचं तर प्रोसेसर निम्मा वेळ हात बांधून उभा. म्हणून प्रत्येक प्रोसेसरच्या दाराशी एक आउट-ट्रे आला, त्याला स्टोअर बफर म्हणतात. लिहायचं ते ट्रेमध्ये टाकायचं आणि पुढच्या कामाला लागायचं, पोचेल सवडीने. कंपायलरही आपल्या हुशारीने सूचना पुढे-मागे करतो. यातला प्रत्येक बदल असा, की ज्याचं त्याला काही फरक जाणवत नाही. फरक जाणवतो शेजाऱ्याला.

फौजेत काम केलेल्यांना यात नवल वाटू नये. सिग्नल सेंटरमधून जाणाऱ्या प्रत्येक संदेशाला दर्जा असतो: फ्लॅश, ऑप इमिजिएट, प्रायॉरिटी, रूटीन. सकाळी नऊला लिहिलेला रूटीन संदेश अकराला लिहिलेल्या फ्लॅशनंतर पोचतो, आणि त्यात कोणाचीही कसूर नसते. म्हणूनच प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर तारीख-वेळ घातलेली असते. वाचणारा क्रम पुन्हा लावून घेतो. मेमरीच्या खणावर असा शिक्का नसतो. तिथे वाचणाऱ्याला फक्त आत्ताचा आकडा दिसतो.

आता डेकरच्या दोन निशाणांकडे परत या. पहिल्याने आपलं निशाण वर केलं, म्हणजे तसा कागद ट्रेमध्ये टाकला. मग समोरचं निशाण मेमरीत बघितलं: खाली. दुसऱ्यानेही तेच केलं: कागद ट्रेमध्ये, समोर बघितलं, खाली. दोघेही बिनदिक्कत आत. गणिताने सिद्ध केलेला उपाय, तुमच्या टेबलावरच्या साध्या इंटेल प्रोसेसरवर, जसाच्या तसा चालत नाही. मध्ये ‘फेन्स’ नावाची सूचना घालावी लागते: ट्रे रिकामा झाल्याशिवाय पुढे बघू नकोस.

हा धोका ज्यांनी आधी ओळखून शब्दांत पकडला ते लेस्ली लॅम्पोर्ट. १९७८ मध्ये त्यांनी दूरदूरच्या संगणकांत ‘आधी’ आणि ‘नंतर’ याला अर्थ काय, यावर निबंध लिहिला. त्यामागे आइनस्टाइनच्या सापेक्षतेची प्रेरणा होती. १९७९ मध्ये आला दोन पानांचा दुसरा लेख. त्यात म्हटलं होतं, की प्रत्येक प्रोसेसर स्वतःपुरता बरोबर असणं पुरेसं नाही. सगळ्यांची सगळी कामं जणू एकाच रांगेत झाली आहेत, आणि त्या रांगेत प्रत्येकाचा आपापला क्रम शाबूत आहे, असं दिसलं पाहिजे. याला सीक्वेन्शियल कन्सिस्टन्सी म्हणतात. आपण क्रमसुसंगती म्हणू. २०१३ चं ट्युरिंग पारितोषिक लॅम्पोर्ट यांना मिळालं, त्यात अशा कामांचा वाटा आहे.

यंत्रं बनवणाऱ्यांनी मात्र ही अट जशीच्या तशी पाळली नाही, कारण वेग जातो. १९९२ मध्ये डिजिटल कंपनीचा अल्फा प्रोसेसर आला, तो या बाबतीत सर्वात सैल. त्यावर एखाद्या गोष्टीचा नवा पत्ता मिळायचा, पण त्या पत्त्यावर गेलं तर मजकूर जुना असू शकायचा. म्हणजे नवा मॅप रेफरन्स हाती, आणि तिथे पोचावं तर कालचाच तंबू.

मग प्रोग्राम लिहिणाऱ्याने विसंबायचं कशावर? याचं उत्तर देणाऱ्यांत एक नाव आपल्या जवळचं आहे. सरिता अडवे. पवईच्या आयआयटी मुंबईतून १९८७ मध्ये त्या विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीधर झाल्या आणि अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात गेल्या. १९९० मध्ये मार्गदर्शक मार्क हिल यांच्यासह त्यांनी जे मांडलं ते तहाच्या मसुद्यासारखं आहे. प्रोग्रामरने वचन द्यायचं: सामाईक गोष्टींना मी योग्य खुणा लावीन, दोन जण एकदम त्याच खणाला बेशिस्तीने हात लावणार नाहीत. बदल्यात यंत्राने वचन द्यायचं: तू हे पाळलंस तर मी तुला क्रमसुसंगत दिसेन, आत मग मी काहीही उलटापालट करीन. त्याच वर्षी त्याच परिषदेत स्टॅनफर्डच्या कौरोश घाराचोर्लू आणि सहकाऱ्यांनी ‘रिलीज’ आणि ‘अक्वायर’ या जोडीवर आधारलेली पद्धत मांडली.

ही जोडी समजून घेण्यासारखी आहे. ठरलंय असं: दारूगोळा पुढच्या ठाण्यावर उतरवायचा, आणि तो उतरला की हिरवा व्हेरी लाइट उडवायचा. हिरवा दिसला की तुकडी निघणार. आता उडवणाऱ्याच्या बाजूने हिरवा आधी दिसला आणि पेट्या अजून वाटेत, तर तुकडी रिकाम्या ठाण्यावर पोचते. ‘रिलीज’ म्हणजे उडवणाऱ्याची हमी: दिव्याआधी मी जे केलं ते सगळं दिव्याच्या आधीच पोचलेलं असेल. ‘अक्वायर’ म्हणजे बघणाऱ्याची हमी: दिवा दिसण्यापूर्वी मी पेट्या मोजायला लागणार नाही. दोन्ही हव्यात. एकट्याच्या शिस्तीने काम भागत नाही.

तह झाला, पण दफ्तरी नोंद व्हायला फार वर्षं गेली. जावाने नव्वदच्या दशकात मेमरीचे नियम भाषेतच लिहून काढायचं धाडस केलं. मोठ्या वापरातल्या भाषांत तसं करणारी ती पहिली, आणि पहिलेपणाची किंमत तिने मोजली: विल्यम प्यू यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की ते नियमच सदोष आहेत. जगभर शिकवली जाणारी ‘डबल-चेक्ड लॉकिंग’ ही क्लृप्ती त्यात टिकत नव्हती. वस्तू पूर्ण तयार होण्याआधीच तिचा पत्ता दुसऱ्याला दिसू शकायचा. हिरवा दिवा आधी, पेट्या नंतर. दुरुस्ती आली २००४ च्या जावा ५ मध्ये. जेरेमी मॅन्सन आणि प्यू यांच्यासोबत तिच्यावर अडवेंचं नाव आहे.

इंटेलकडचा किस्सा आणखी बोलका. १९९९ मध्ये लिनक्स लिहिणाऱ्यांत वाद पेटला, की कुलूप सोडताना महागडी ॲटॉमिक सूचना हवी की साधं लिहिणं पुरेल? लिनस टॉरव्हाल्ड्स यांचं म्हणणं आधी पडलं की साधं लिहिणं चालणार नाही. अखेर इंटेलच्या एका अभियंत्याने चालतं असं सांगितलं तेव्हा वाद मिटला. एवढ्या मोठ्या खपाच्या प्रोसेसरचा नियम, आणि तो एका माणसाच्या खुलाशावरून कळतोय! नियमांची स्पष्ट पत्रिका इंटेलने काढली २००७ मध्ये, आणि केंब्रिजच्या पीटर सेवेल यांच्या गटाने ‘एक्स-८६ टीएसओ’ या नावाने ते गणिताच्या भाषेत बसवले २००९–१० मध्ये. फौजेत स्टँडिंग ऑर्डर आधी निघते, मग सेंट्री उभा राहतो. इथे सेंट्री तीस वर्षं उभा होता.

सी आणि सी प्लस प्लस तर त्याहून मागे. हॅन्स बोम यांनी २००५ मध्ये लिहिलं, की थ्रेड ही गोष्ट भाषेला बाहेरून जोडून चालत नाही. कंपायलरला नियम माहीत नसतील तर तो बरोबर प्रोग्रामही बिघडवू शकतो. बोम आणि अडवे यांच्या कामातून २०११ च्या प्रमाणात ॲटॉमिक आणि मेमरी ऑर्डर हे शब्द अधिकृतपणे भाषेत आले. डेकरच्या कोड्यापासून मोजलं तर अर्धं शतक.

आज हे सगळं तुमच्या खिशात आहे. मोबाइलमधले आर्म जातीचे प्रोसेसर इंटेलपेक्षा सैल क्रमाचे. इंटेलवर वर्षानुवर्षं निमूट चाललेला प्रोग्राम तिकडे नेला की लपलेली चूक कधीतरी डोकं वर काढते. २०२० मध्ये ॲपलने एम-१ चिप काढली, तेव्हा जुने इंटेलचे प्रोग्राम चालावेत म्हणून त्यात इंटेलसारखा कडक क्रम पाळण्याची सोयच बसवली. आपल्याकडे आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर उभे आहेत. त्या रचनेचा मेमरीचा नियम मुळातच सैल ठेवला आहे, पण या वेळी तो गणितात लिहून, वाद घालून, छापून. मला यात समाधान वाटतं.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. समजा क आणि ख असे दोन खण, दोन्हींत शून्य. एक थ्रेड क वाचतो आणि तेच ख मध्ये लिहितो. दुसरा ख वाचतो आणि तेच क मध्ये लिहितो. बाहेरून कोणी काहीच टाकलेलं नाही. तरी सी प्लस प्लसचे सर्वात सैल नियम अक्षरशः घेतले, तर दोन्ही खणांत ४२ निघणं चूक ठरवता येत नाही: पहिल्याने ४२ लिहिलं कारण दुसऱ्याने लिहिलं, आणि दुसऱ्याने लिहिलं कारण पहिल्याने. कोणताही खरा प्रोसेसर असं करत नाही. पण कंपायलरचे चांगले बदल न अडवता एवढंच नेमकं अडवणारा, सर्वांना मान्य असा नियम अजून कोणाला लिहिता आलेला नाही. म्हणून प्रमाणाने तूर्त साध्या भाषेत एवढंच सांगितलं आहे, की असे हवेतून आलेले आकडे निघू नयेत याची बनवणाऱ्यांनी काळजी घ्यावी.